एक रेघ, एक सही आणि वेळ

आयुष्यात मी एकदाच परीक्षेतल्या गैरप्रकारात सापडले, आणि तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. शाळेत असताना शेजारणीच्या वहीत डोकावायची माझी कधी छाती झाली नाही. नर्सिंगच्या वर्षांत तर शेजारचीच माझ्या वहीत डोकावायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं माझ्याविषयी उगाच वाईट मत व्हायला नको.

सुरुवात एका परिपत्रकाने झाली. मी हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. अठ्ठावीस खाटा, अकरा वर्षं, आणि त्याआधी तेरा वर्षं त्याच मजल्यावर साधी सिस्टर. परिपत्रकात म्हटलं होतं की पुढच्या वर्षअखेरपर्यंत ज्या इन्चार्जकडे पदव्युत्तर पदविका नसेल, तिची नेमणूक 'सोयीनुसार इतरत्र' करण्यात येईल. सोय कुणाची ते लिहिलं नव्हतं. इतरत्र म्हणजे कुठे तेही लिहिलं नव्हतं, पण ते सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं. तळघरात चादरींचं भांडार आहे आणि तिथल्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या.

मला चादरींचा राग नाही. पण चादर महिनाभर झोपून राहिल्यावर एके सकाळी कुबड्या घेऊन उभी राहत नाही, आणि "सिस्टर, बघा, बघा" असं ओरडत नाही. मला माझा वॉर्ड हवा होता.

तेवढ्यात 'अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी' एक वर्षाची पदव्युत्तर पदविका निघाल्याचं कळलं. वर्ग शनिवारी-रविवारी. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'आपल्या अनुभवाचा सन्मान' असं छापलं होतं. म्हटलं, चला, कुणाला तरी कदर आहे. चोवीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला, त्याच्या तीन प्रती आणि नवंकोरं पेन घेऊन मी विद्यापीठाच्या खिडकीशी उभी राहिले.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले. "खंडाचा दाखला कुठाय?"

"कसला खंड?"

"शेवटची परीक्षा दिलीत त्याला पंचवीस वर्षं झाली. शिक्षणात खंड पडलाय. तो का पडला, त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं."

"अहो, मी काम करत होते. अनुभव जोडलाय ना!"

"अनुभव वेगळा, खंड वेगळा," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

म्हणजे एका कागदावर ज्या वर्षांचा सन्मान, त्याच वर्षांबद्दल दुसऱ्या कागदावर माफी. घरी आले ती धुमसतच. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. त्यांनी पत्राद्वारे तीन पदव्या मिळवल्यात आणि चौथी चालू आहे, म्हणून अख्खी इमारत त्यांना पदवीकाका म्हणते. सल्ला मागायचा अवकाश, ते चष्मा पुसून तयारच असतात. खरं तर मागायचीही गरज नसते.

"सिस्टरबाई, खंडाच्या कारणात काम, नोकरी वगैरे लिहायचं नाही," जिन्यातच थांबवून ते म्हणाले. "त्यावर शंका काढतात. 'कौटुंबिक अडचणी' लिहा. कौटुंबिक अडचणींवर आजवर कुणी शंका काढलेली नाही."

माझ्या नवऱ्याने हे ऐकलं आणि तो रुसला. "अगं, पंचवीस वर्षं मी अडचण होतो का?" असं त्याने जेवताना दोनदा विचारलं. सासूबाईंनी त्या दिवशी ताट स्वतःच उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्यांच्याकडून एवढा निषेध पुष्कळ झाला. शेवटी मी 'रुग्णसेवेत असल्यामुळे' असं लिहिलं. त्यावर शंका निघाली, दोन खेपा झाल्या, पण प्रवेश मिळाला.

वर्गात आम्ही चौदाजण. औषधवाले, तपासणीवाले, रुग्णवाहिकेवरचे, आणि एक फिजिओथेरपिस्ट, ज्याचं आणि माझं पहिल्या तासापासून जमलं नाही. शिकवणारे सर तिशीतले, हुशार, बोलायला गोड. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खाटेवरच्या रुग्णाला उचलायची पद्धत फळ्यावर बाण काढून समजावली. मी गप्प बसले होते. खरंच बसले होते. पण त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुमच्या अनुभवात असंच करतात ना?"

"असं केलं तर रुग्णाआधी सिस्टर झोपेल," मी म्हणाले.

मग त्यांना बाकांवर आडवं केलं. मी डोक्याकडून धरलं, फिजिओथेरपिस्टने पायांकडून. अर्ध्यावर उचलल्यावर तो म्हणाला, गुडघे आणखी वाकवा. मी म्हणाले, गुडघे माझे आहेत, तुम्ही तुमची कंबर बघा. हा वाद तत्त्वाचा होता, त्यामुळे तो लगेच मिटण्यासारखा नव्हता. पाच-सात मिनिटांनी सरांनी खालून क्षीण आवाजात विचारलं की आपण हा मुद्दा मला खाली ठेवून चर्चेला घेऊ शकतो का. पुढचे दोन आठवडे त्यांनी उभ्यानेच शिकवलं. मला कमरेचे व्यायाम विचारून घेतले, आणि मला न सांगता त्या फिजिओथेरपिस्टलाही विचारले.

घरी मी अभ्यासाची रीतसर व्यवस्था लावली. फ्रिजवर ड्यूटीचा तक्ता चिकटवला. सकाळची पाळी नवऱ्याची: चहा करणे आणि उजळणी घेणे. संध्याकाळची लेकीची: उत्तरं तपासणे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आईचे पेपर तपासण्यात तिला जरुरीपेक्षा जास्त आनंद झाला. सासूबाईंना मी मान म्हणून 'देखरेख' दिली होती. त्यांनी ती मनावर घेतली. आठवड्याने त्यांची वही माझ्या हाती आली. त्यात एक नोंद होती, 'साडेचार ते पाच: पुस्तक उघडं, डोळे मिटलेले.'

खरी अडचण लिहिण्याची होती. चोवीस वर्षं मी रोज लिहीत आले, पण वॉर्डात लिहायचं ते मोजकं. सराव परीक्षेत वेदनेच्या व्यवस्थापनावर दहा गुणांचा प्रश्न होता. मी लिहिलं, 'रुग्णास वेदना. डॉक्टरांना कळवले. इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने आराम. शांत झोप.' वाचून पाहिलं, काही राहिलं असं वाटेना.

"आई, चार पानांचं लिहायचंय!" लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

"पण त्याला आराम पडला ना?"

"पडू देऊ नकोस एवढ्यात. आधी व्याख्या, मग प्रकार, मग फायदे-तोटे. आणि हे काय? इथे सही कशाला केलीस?"

'डॉक्टरांना' ऐवजी मी आधी 'डॉक्टरांस' लिहिलं होतं. ते खोडलं होतं आणि बाजूला माझी छोटी सही आणि वेळ होती, सहा वाजून पाच. मला ती केल्याचं आठवतही नव्हतं. हे जरा समजावून सांगायला हवं. रुग्णाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. शब्द चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही करायची आणि वेळ टाकायची. पांढरी शाई लावायची नाही, म्हणजे नाही. माझ्या पहिल्या मेट्रनने एका मुलीच्या हातातून ती बाटली घेऊन खिडकीबाहेर भिरकावली होती. ती भीती माझ्या हातात इतकी मुरली आहे की आमच्या वाण्याच्या यादीत साबण खोडून पावडर लिहिली, तरी वाण्याला त्याची वेळ कळते. त्या संध्याकाळी आम्ही सगळे हसलो. हसून सोडून दिलं, हीच चूक झाली.

परीक्षेच्या दिवशी पदवीकाका फाटकापर्यंत सोडायला आले. "सिस्टरबाई, पानं भरा. तपासणारा वजन बघतो," हा त्यांचा शेवटचा मंत्र. हॉलमध्ये पर्यवेक्षिका सूचना वाचू लागल्या. उत्तरपत्रिकेत नाव, सही किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये, केल्यास गैरप्रकार समजण्यात येईल. मी मान डोलावली. सूचना ऐकणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच असेन.

पेपर मला फार सोपा गेला. पाचवा प्रश्न तर माझ्यासाठीच काढल्यासारखा: रुग्णाच्या नोंदीत झालेली चूक दुरुस्त करण्याची योग्य पद्धत लिहा. मी मनापासून लिहिलं. बोटं दुखून आली, पण पानं भरली. एक वाजता बाहेर आले तेव्हा इतकी खूश होते की त्या फिजिओथेरपिस्टलाही चहा पाजला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. तेराजण पास. माझ्या क्रमांकासमोर 'राखीव'. पदवीकाका म्हणाले, गुण इतके जास्त असतील की खात्री करत असतील. चार दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशा एकूण एकोणीस खुणा आढळल्या असून परीक्षकास सूचित करण्याच्या हेतूने त्या केल्याचा संशय आहे. गैरप्रकार चौकशी समितीपुढे आपल्या हस्ताक्षरातील खुलाशासह उपस्थित राहावे.'

पत्र वाचताना मला पहिल्यांदा काही उमगेना. मग माझा उजवा हात माझ्याच डोळ्यांसमोर आला. आधी कुणी सांगितलं असतं तर शपथ घेऊन म्हणाले असते की मी एकही सही केली नाही. एकोणीस केल्या होत्या. वेळेसकट.

वॉर्डात ही बातमी माझ्याआधी पोचली. मला वाटलं लोक नाक मुरडतील. ते परवडलं असतं. आमच्या वॉर्डच्या मावशींनी जवळ येऊन हळूच विचारलं, "सिस्टर, कॉपी केलीत म्हणे. कुठे लपवली होती हो?" त्यांच्या डोळ्यांत चोवीस वर्षांत न दिसलेला आदर होता. नऊ नंबरच्या खाटेवर पाय प्लास्टरात टांगलेला ट्रकचालक म्हणाला, "मला आधी सांगायचं. बारीक अक्षरात मी एवढ्याशा कागदावर अख्खं पुस्तक बसवून दिलं असतं." मी त्याला सांगितलं की मी कॉपी केलेली नाही. "बरोबर," तो डोळा मिचकावून म्हणाला, "समितीपुढेही असंच सांगा."

त्याच दुपारी कार्यालयातून एक पाकीट आलं. आत कडीला लावलेल्या दोन किल्ल्या होत्या आणि चिठ्ठी: चादर भांडार, एक तारखेपासून. समिती बसणार होती अठ्ठावीसला. मी ते पाकीट टेबलाच्या खणात टाकलं, औषधांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. कुणाची हाडं जुळेना झाली की मी त्यांना धीर देते. माझी वेळ आली तेव्हा कापसाच्या डब्याला टेकून नुसती उभी राहिले.

खुलासा लिहायला सगळं घर बसलं. पदवीकाकांनी तोंडी सांगायला सुरुवात केली, "'मी, खाली सही करणार...'"

"काका, सहीनेच तर घात झालाय!" लेक ओरडली.

नवऱ्याचं म्हणणं, सरळ माफी मागून मोकळं व्हावं. सासूबाई म्हणाल्या, "माफी कसली? माझी वही न्या. तिने किती अभ्यास केला ते तारीखवार आहे त्यात." मी मिटलेल्या डोळ्यांची नोंद आठवून ती सूचना नम्रपणे नाकारली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, एकटी बसले आणि जे झालं ते साध्या शब्दांत लिहून काढलं. निघताना लेकीने दारात अडवलं. "आई, शपथ घे. तिथे कुणाला काही शिकवायचं नाही."

घेतली शपथ.

समितीत तिघंजण होते. मधोमध अध्यक्ष, पिकल्या केसांचे, जाड भिंगाचे. एका बाजूला वर्गातले आमचे सर, माझ्याकडे न बघता कंबर सावरून बसलेले. दुसऱ्या बाजूला सचिव, पुढ्यात इतिवृत्ताची मोठी वही. माझ्या आधी गेलेला मुलगा बाहीत पुस्तकाची पानं शिवून आला होता. त्याच्यानंतर मी, बाहीत काही नसलेली.

"एकोणीस सह्या," अध्यक्ष म्हणाले. "मी पंधरा वर्षं हे काम करतोय. लोक एखादा ठिपका देतात, फार तर फूल काढतात. एवढ्या उघडपणे कुणी केलेलं नाही. काय म्हणायचंय तुम्हाला?"

मी खुलासा पुढे केला. ते वाचू लागले. वाचता वाचता थांबले, भिंगं वर केली, कागद डोळ्यांजवळ नेला. "हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. दुसऱ्या ओळीत 'हेतुपुरस्सर' शब्द मी खोडून 'मुद्दाम' लिहिला होता. त्यावर एक सरळ रेघ. शेजारी माझी सही. सात वाजून दहा मिनिटं.

मग सरांनी घसा साफ केला. "सर, पाचव्या प्रश्नाचं उत्तर बघावं. तो प्रश्न मीच काढला होता." अध्यक्षांनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "'चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारावी. शेजारी सही करून वेळ टाकावी.' आणि इथे 'सही' लिहिताना शब्द चुकलाय. तो खोडलाय. आणि शेजारी..." त्यांचे खांदे हलू लागले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, तुम्ही असं का करता?"

"सर, मी चुकले हे कळायला हवं," मी म्हणाले. "काय चुकलं, कुणाचं चुकलं आणि कधी. रात्रपाळीच्या पोरीला सकाळी कुणी खोटं पाडू नये म्हणून. मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. परीक्षेचा नियम मोडला हे कबूल आहे. पण चूक करून तिथे नाव न लिहिता पुढे जाणं माझ्या हाताला येत नाही."

अध्यक्षांनी दोघांकडे पाहिलं, पेपरवर टिचकी मारली आणि म्हणाले, "निकाल जाहीर करा. लिहून घ्या."

सचिवांनी वही पुढे ओढली आणि अडखळले. "सर, मी आधीच 'दोषी आढळल्या' असं लिहून ठेवलंय. वेळ वाचतो. आजवर कधी बदलावं लागलं नव्हतं." असं म्हणून त्यांनी खण उघडला आणि पांढऱ्या शाईची बाटली काढली. ती हलवली. माझ्या कानांत लेकीची शपथ वाजत होती. मी ओठ घट्ट मिटले, छताकडे पाहिलं. त्यांनी झाकण फिरवलं.

"थांबा!"

प्लास्टरातला पाय घेऊन खाटेवरून उतरणाऱ्याला थांबवायचा तो आवाज होता. अध्यक्षांच्या हातातला कागद खाली पडला आणि सरांनी अभावितपणे कंबर धरली.

"एक रेघ मारा," मी म्हणाले. "सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. आता शेजारी सही करा. करा, करा. आणि वेळ टाका."

सचिवांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारा सतरा," ते म्हणाले. "लिहा."

एक तारखेला मी किल्ल्यांचं पाकीट कार्यालयात परत केलं. त्यावर 'परत' असं लिहून सही आणि वेळ टाकली, आणि यावेळी ती मुद्दाम टाकली. वॉर्डात शिरले तेव्हा नऊ नंबर कुबड्यांवर उभा होता. "सिस्टर, बघा, बघा!" तो ओरडला. मी पाहिलं. चांगलं पोटभर पाहिलं.

घरात सगळे खूश होते. पदवीकाकांना मात्र माझे गुण कमी वाटले, म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज करवून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. आम्ही सगळे ती टेबलावर पसरून बसलो. सासूबाईंनी एकोणीस सह्या बोटाने मोजल्या, बरोबर भरल्या. मग लेकीने पाचवा प्रश्न काढला, ज्याने मला वाचवलं होतं तो. त्याला दहापैकी चार गुण होते. खाली लाल शाईत शेरा होता, 'पद्धतीचे पुरेसे ज्ञान नाही. व्याख्या, प्रकार व फायदे-तोटे लिहिलेले नाहीत.' त्यातला 'फायदे' शब्द आधी चुकला होता आणि गिरवून गिरवून त्याचा काळा गोळा केला होता.

मी बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत बसले. शेजारी परीक्षकांची सही होती. वेळ नव्हती.